प्रार्थनेत नेमके काय मागावे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझा बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षे झाली. रोज सकाळी प्रार्थना करते, पण तीच ती वाक्ये तोंडी येतात: "प्रभू, सर्वांना आशीर्वाद दे, सर्वांना सांभाळ." मध्येच मन भलतीकडे जाते आणि 'आमेन' म्हणताना आपण काय मागितले हेही आठवत नाही. आमच्या मंडळीच्या एका शिबिरात वक्त्यांनी सांगितले, की हेतू ठरवून प्रार्थना करा. हवे ते लिहून काढा, ते मिळालेच आहे असे धरून चाला आणि शंका घेऊ नका. मी यादी केली. त्यात सर्वांत वर माझ्या धाकट्या भावाचे नाव आहे. तो काही वर्षांपासून आईशी बोलत नाही. देवाने त्याला सुबुद्धी द्यावी म्हणून रोज मागते, पण काहीच बदललेले नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का? अलीकडे आई म्हणते, की माझ्याबरोबर बसून प्रार्थना कर. पण तिच्यासमोर मला शब्दच सुचत नाहीत. हेतूने प्रार्थना करणे म्हणजे नेमके काय, आणि ते शिकता येते का?

उत्तर

ख्रिस्तामध्ये प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. प्रार्थना शिकता येते, आणि ती शिकावी लागते यात कमीपणा काहीच नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू प्रार्थना संपवतो तेव्हा त्याच्या शिष्यांपैकी एक जण त्याला विनंती करतो, की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने आपल्या शिष्यांना शिकवले तसे आम्हांलाही प्रार्थना करायला शिकवा. हे शिष्य प्रार्थनेला नवखे नव्हते. स्तोत्रे ऐकत आणि सभास्थानात जात ते लहानाचे मोठे झाले होते. तरीही आपल्याला अजून शिकायचे आहे असे त्यांना वाटले, आणि येशूनेही ही गोष्ट शिकवून येत नसते असे सांगून त्यांची बोळवण केली नाही. त्याने त्यांना थेट शब्द दिले. त्या शब्दांकडे पुढे यायचे आहेच.

आता हेतूविषयी. मार्ककृत शुभवर्तमानातील बार्तीमयाची हकिकत (१०:४६-५२) एकदा सावकाश वाचा. यरीहोच्या वाटेवर बसलेला हा आंधळा भिकारी "हे येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया करा" असे ओरडू लागतो. लोक त्याला दटावतात, तेव्हा तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? ज्याचे आंधळेपण भोवतालच्या साऱ्या गर्दीला दिसत होते, त्याला हे विचारण्याची काय गरज होती, असे कोणालाही वाटेल. पण 'दया करा' ही हाक चार नाण्यांसाठीही मारता येते, आणि रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या माणसाने ती तशी कितीतरी वेळा मारली असणार. येशूच्या प्रश्नाने त्याला आपल्या मनात खरोखर काय आहे हे उघड बोलावे लागले. त्याने दृष्टी मागितली. दृष्टी मिळाल्यावर भिकेवर जगण्याचे कारण उरत नाही, म्हणजे त्या मागण्यात आधीचे आयुष्य सोडण्याची तयारीही आली. मार्क लगेच पुढे सांगतो, की तो वाटेने येशूच्या मागे चालू लागला. 'सर्वांना आशीर्वाद दे' हे तुमचे वाक्य बार्तीमयाच्या पहिल्या हाकेसारखे आहे. ते चुकीचे मुळीच नाही, परंतु ते म्हणताना तुमचे स्वतःचे काहीही पणाला लागत नाही, आणि म्हणूनच ते आमेनपर्यंतही लक्षात राहत नाही.

देवाला सर्व ठाऊक असताना नेमके सांगायचे तरी कशासाठी, हा आक्षेप जुना आहे आणि रास्तही आहे. आपण मागण्यापूर्वीच आपल्या गरजा पित्याला माहीत असतात, असे येशूने स्वतःच सांगितले आहे (मत्तय ६:८). रोमवर ४१० मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर आफ्रिकेत आश्रयाला आलेल्या प्रोबा नावाच्या धनाढ्य विधवेने हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांना प्रार्थनेविषयी विचारले होते. ४१२ च्या सुमारास त्यांनी तिला जे सविस्तर पत्र लिहिले त्यात याचे उत्तर आहे: शब्दांची गरज आपल्याला असते, आपण काय इच्छितो हे आपल्यालाच नीट पाहता यावे आणि ती इच्छा वाढावी म्हणून, देवाला माहिती पुरवण्यासाठी किंवा त्याचे मन वळवण्यासाठी शब्द लागत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे हेतूपूर्वक प्रार्थना ती हीच. आपली खरी इच्छा काय आहे हे देवासमोर स्पष्ट बोलायचे, आणि ती बोलत असताना तो ती बदलू लागला तर बदलू द्यायची. यातला दुसरा भाग वगळला की मागे फक्त आग्रह उरतो.

शिबिरातील सल्ल्याबद्दल माझी हरकत आहे ती याच ठिकाणी. वक्त्यांनी आधार घेतला असेल तो बहुधा मार्क ११:२४ चा, जिथे प्रार्थनेत जे मागाल ते मिळाले आहे असा विश्वास धरा, असे येशू म्हणतो. वचन खरे आहे आणि ते पातळ करण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या लगेच पुढचे वचन सांगते, की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याला क्षमा करा. ते वचन शिबिरात वाचले गेले होते का, हे तुम्हीच आठवून पाहा. त्याहून महत्त्वाचे असे, की तेच शुभवर्तमान तीन अध्याय पुढे गेथशेमाने बागेतला येशू दाखवते. तो पित्याजवळ नेमके मागणे मांडतो, की हा प्याला माझ्यापासून दूर कर. आणि त्याच श्वासात माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असेही म्हणतो. प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस कोण करील? म्हणून भाऊ बोलू लागला नाही यावरून तुमच्या विश्वासाचे माप काढू नका, आणि दुसऱ्या कोणालाही काढू देऊ नका.

आता तुमच्या यादीतल्या पहिल्या ओळीकडे वळते, आणि थोडे स्पष्ट बोलते. 'भावाला सुबुद्धी दे' या मागण्यात निकाल आधीच लागलेला आहे. दुर्बुद्धी त्याच्याकडे आहे, सुधारायचे त्याने आहे, आई आणि तुम्ही या प्रकरणाबाहेर आहात, एवढे सगळे त्या तीन शब्दांत सांगून झाले आहे. कदाचित वस्तुस्थिती तशीच असेल. पण याकोबाच्या पत्रात, तुम्ही मागता तरी तुम्हांला मिळत नाही, कारण अयोग्य रीतीने मागता, असे जे म्हटले आहे (४:३), ते केवळ चैनीच्या गोष्टी मागणाऱ्यांना लागू पडते असे समजून आपण सुटका करून घेतो. दुसऱ्याच्या सुधारणेसाठी केलेल्या प्रार्थनेतही आपला स्वार्थ सहज मिसळतो. घरातला ताण संपावा, नातेवाइकांच्या चौकशा थांबाव्यात, आपले म्हणणे खरे ठरावे, ही सगळी माणसाला साजेशी मागणी आहे, फक्त ती आहे तशी ओळखता यायला हवी.

ती ओळखण्यासाठी माझ्या माहितीत प्रभूच्या प्रार्थनेहून, म्हणजे येशूने शिष्यांना दिलेल्या त्या शब्दांहून, चांगले साधन नाही. ती आपण इतक्या वेगाने म्हणतो की तिच्यातली एकेक विनंती कानावरून निघून जाते. तिच्यातून तुमच्या भावाचा विषय सावकाश नेऊन पाहा. 'तुझे नाव पवित्र मानले जावो' येथे थांबा आणि विचारा, की या समेटातून मला कोणाचे नाव राखायचे आहे, देवाचे की घराण्याचे. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' येथे हे मान्य करावे लागते, की समेटाची सुरुवात तुम्ही ठरवलेल्या माणसाकडून होईलच असे नाही. ती आईकडून होईल, किंवा तुमच्याकडून. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही विनंती मला तुमच्या बाबतीत फार उपयोगाची वाटते. तिच्यात आजच्यापुरते मागितले आहे. अनेक वर्षांचा अबोला एका प्रार्थनेत सुटावा असे रोज मागून रोज निराश होण्यापेक्षा, आज या तिढ्यात कोणाला कशाची गरज आहे ते मागता येईल: आईला आज रात्री शांत झोप, किंवा भावाला आज एखादा समजूतदार मित्र.

खरी अडचण येते ती 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' या ठिकाणी. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातील एकाच विनंतीवर पुन्हा बोलतो, आणि ती ही आहे (६:१४-१५). भावाविषयी तुमच्या मनात काय साचले आहे, आणि त्या भांडणाच्या काळात तुम्ही त्याला काय बोलला होता, हे येथे आठवेल. आठवले तर त्याचे नाव घेऊन ते बोला. एक गोष्ट मात्र सावधगिरीने सांगायला हवी: भावाच्या मौनामागे घरात झालेली मारहाण, फसवणूक किंवा तसाच एखादा खरा अन्याय असेल, तर क्षमेच्या नावाखाली त्याच्यावर घरी येण्याचा दबाव आणणे हे प्रार्थनेचे फळ नव्हे. अशा वेळी समेटाच्या आधी सत्य आणि न्याय मागावा. 'आम्हांस परीक्षेत आणू नको' या विनंतीत तुमच्यासाठी दडलेला मोह मध्यस्थाचा असतो. दोघांना समजून घेणारी मी एकटीच आहे, ही भावना फार सुखद असते.

अशा रीतीने आठवडाभर गेलात, तर प्रार्थना कदाचित अशी होईल: "हे स्वर्गातील पित्या, आई आणि भाऊ दोघेही तुझ्यासमोर आहेत. कोण बरोबर आहे हे मला तुला सांगायचे नाही. लोक काय म्हणतील या भीतीने मी मागत असेन, तर ती भीती काढून टाक. त्या दिवशी मी त्याला जे बोलले त्याची मला क्षमा कर, आणि त्याने मला जे म्हटले ते मी सोडून देते. पूर्ण सुटलेले नाही, तेही तूच सोडव. आज त्याला फोन करण्याचे धैर्य मला दे, आणि फोनवर जुने काही उकरून काढण्यापासून मला राख." पूर्वीच्या आणि या मागण्यातला फरक पाहा. हे मागितल्यावर संध्याकाळपर्यंत तुम्हांला काहीतरी करावे लागेल.

करण्याचा हा धागा नहेम्याच्या पुस्तकात फार सुरेख उलगडला आहे. इ.स.पू. ४४५ च्या सुमारास, पारसाच्या राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याला शूशन राजवाड्यात यरुशलेमेचा तट पडल्याची आणि वेशी जळाल्याची बातमी समजते. तो रडतो, उपास करतो आणि प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत इस्राएल लोकांच्या पापांबरोबर 'मी व माझ्या बापाच्या घराण्याने' केलेल्या पापांची कबुली आहे, म्हणजे दोष दुसऱ्यांच्या पदरात टाकून तो मोकळा होत नाही. ही बातमी किसलेव महिन्यातली, आणि राजा त्याला 'तुझी काय विनंती आहे' असे विचारतो तो महिना नीसान, म्हणजे सुमारे चार महिन्यांनंतरचा. राजाचा प्रश्न आणि आपले उत्तर यांच्यामध्ये नहेम्या मनातल्या मनात पुन्हा देवाची प्रार्थना करतो; तिला एका श्वासाहून अधिक वेळ लागला नसणार. आणि मग तो जे मागतो ते इतके नेमके आहे की वाचताना आश्चर्य वाटते: यरुशलेम पुन्हा बांधण्यासाठी ठरावीक मुदतीची रजा, नदीपलीकडच्या अधिपतींच्या नावे पत्रे, आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याला वेशींच्या तुळयांसाठी लाकूड देण्याचे पत्र. चार महिने प्रार्थना करताना त्याला लाकडापर्यंतचा तपशील सुचला होता. हेतूने केलेल्या प्रार्थनेतून योजना निघू शकते, ती अशी. तुमच्याही प्रार्थनेतून एखादा फोन, पत्र, माफी किंवा मध्यस्थाची निवड निघाली, तर ते प्रार्थनेबाहेरचे काम समजू नका.

आणि तरीही भाऊ बोलला नाही तर? तेही शक्य आहे, आणि त्याबद्दल मी तुम्हांला खोटी हमी देणार नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे, काटा निघाल्याचे नव्हे (२ करिंथ १२:७-९). अशा काळात आनंदाचे अवसान आणण्याची गरज नाही. तेरावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे, आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा विचारला आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणून ठेवलेले आहे. ज्या दिवशी काहीच शब्द सुचणार नाहीत, त्या दिवशी आत्मा आपल्यासाठी अनिर्वाच्य कण्हण्याने विनंती करतो, हे रोमकरांस पत्रातले वचन (८:२६) आठवून गप्प बसलात तरी चालेल.

मन भरकटण्याविषयी फार काळजी करू नये. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांना त्यांच्या पेटर नावाच्या न्हाव्याने हाच प्रश्न विचारला होता, आणि १५३५ मध्ये त्यांनी त्याला उत्तर लिहिले. त्यात ते त्याच्याच धंद्याचा दाखला देतात: वस्तरा चालवताना न्हाव्याने गप्पांत किंवा इतर विचारांत मन घातले, तर गिऱ्हाईकाचे नाक किंवा गळाही कापला जायचा. त्यांचा व्यावहारिक सल्ला असा, की पवित्र शास्त्रातले एखादे छोटे वचन घ्यावे आणि त्यातून आधी शिकवण, मग उपकारस्तुती, मग पापकबुली आणि शेवटी विनंती, असे चार पदर विणावेत. हे चारही रोज जमावेत असे नाही. लक्ष गेले, की ज्या गोष्टीकडे ते गेले तीच देवासमोर ठेवा. बहुतेक वेळा ती आपल्या यादीतल्या विषयापेक्षा जास्त खरी चिंता असते. एकच मागणे पुन्हा पुन्हा करण्याचीही भीती नको. येशूने निरर्थक बडबडीला विरोध केला, पण गेथशेमानेत त्याने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, असे मत्तय नोंदवतो (२६:४४).

यादी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण लहान ठेवा. माणसाचे नाव आणि त्याच्यापुढे एक ओळ पुरे. विनंती बदलली की ओळ खोडून नवी लिहावी. मिळाले, नाही मिळाले अशा खुणा करत बसू नये, कारण मग प्रार्थनेचे खाते होते आणि आपण त्याचे हिशेबनीस. त्याऐवजी फिलिप्पैकरांस पत्र (४:६) सांगते त्याप्रमाणे प्रत्येक विनंतीबरोबर एक आभाराची गोष्ट लिहा, आणि ती त्याच माणसाविषयीची असू द्या. भावाविषयी आभार मानण्यासारखे काय आहे हे शोधायला पहिल्या दिवशी वेळ लागेल.

राहिला आईबरोबरच्या प्रार्थनेचा प्रश्न. तिच्यासमोर शब्द सुचत नाहीत याचे कारण मला वाटते असे, की तिथे ऐकणारे दोघे असतात, देव आणि आई, आणि नेमके कोणाशी बोलायचे हे ठरत नाही. मंडळीतही आपण असे प्रसंग ऐकतो. प्रार्थना म्हणून सुरू झालेले भाषण हळूहळू उपस्थितांना उपदेश आणि पुढच्या सभेची सूचना देऊन संपते. देवाला सभेची वेळ कळवण्याची गरज नसते. तेव्हा आईसोबत बसाल तेव्हा तयार शब्दांचा आधार घ्या: प्रभूची प्रार्थना दोघींनी मिळून म्हणा, प्रत्येक विनंतीनंतर क्षणभर थांबा, आणि ज्या विनंतीपाशी जिला काही बोलावेसे वाटेल तिने एकच वाक्य बोलावे. न बोलता पुढे गेलात तरी हरकत नाही. तुम्ही भावाला फोन करण्याचे ठरवले असेल, तर ते प्रार्थनेच्या आडून आईला सांगू नका. आधी किंवा नंतर सरळ सांगा. आणि तिने त्याच्याविषयी काही कडवट उद्गार काढले, तर आपल्या पुढच्या वाक्यात ते दुरुस्त करण्याचा मोह टाळा. सुरुवातीला आठवड्यातून एखादी संध्याकाळ एवढे पुरे आहे. तिला अधिक हवे असेल तर ती स्वतःच म्हणेल.